प्रवासात राहिलेली डबी

लग्नकार्यासाठी इंदूरहून पुण्याला निघालेल्या कुटुंबाच्या सामानात सर्व काही असते; राहते ती नेमकी औषधाची डबी. (मिठाईचा डबा विसरल्याचे मात्र ऐकिवात नाही!) अपस्मार आणि उन्माद-अवसाद या दोन्ही विकारांवर दिल्या जाणाऱ्या लॅमोट्रिजीनच्या बाबतीत ही विसर महागात पडते.

हे औषध एकदम पूर्ण मात्रेत देत नाहीत. प्रौढांना बहुधा रोज २५ मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ५०, असे जपून चढवितात. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर लॅमोट्रिजीन शरीरात अधिक काळ टिकते. म्हणून आरंभ एक दिवसाआड. घाई केल्यास अंगावर पुरळ उठण्याचा संभव वाढतो आणि क्वचित् ते जिवावर बेतते. विशेषतः पहिल्या आठ आठवड्यांत पुरळ, ताप वा तोंडात फोड दिसताच, पुढील गोळीपूर्वीच डॉक्टरांना गाठावे.

साधारणतः पाच दिवसांहून अधिक खंड पडला, तर जुनी मात्रा एकदम सुरू करणे धोक्याचे. डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तळापासून चढावे लागते. शिवाय गोळी अचानक थांबल्याने झटके उसळू शकतात, ते वेगळेच. म्हणून डबी ट्रंकेत न ठेवता हातपिशवीत ठेवावी, चिठ्ठीची नक्कल दुसऱ्या कोणापाशी असावी. तरीही राहिलीच, तर मांडवाच्या गडबडीत दिवस न घालविता त्याच संध्याकाळी चिठ्ठी घेऊन औषधांचे दुकान शोधावे.