घेटो, गावकूस आणि एक वसतिगृह

तलवाड्याला त्वरितादेवीच्या डोंगरावरून पाहिले की भोवतालचा मुलूख एका नजरेत येतो. लहानपणी मला तिथून नुसती घरे दिसत. शिक्षक झाल्यावर घरांमधली अंतरे दिसू लागली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका इंग्रजी हस्तलिखिताच्या शीर्षकातच अस्पृश्यांना ‘भारताच्या घेटोची लेकरे’ म्हटले आहे. घेटो हा शब्द व्हेनिसचा. १५१६ साली तिथे ज्यूंना एका वेगळ्या वस्तीत राहणे सक्तीचे झाले. रात्री तिचे दरवाजे बंद होत. आपल्याकडे दरवाजा नव्हता, गावकूस होते. नाझींचा ज्यूद्वेष आणि आपली अस्पृश्यता यांच्यामागचा विचार एकच आहे, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते.

याच महाराष्ट्रात बेने इस्रायली ज्यू शतकानुशतके सुखाने नांदले. कोकणात ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. परधर्मीयाला सामावून घेणाऱ्या गावाने आपल्याच माणसाला पाणवठ्यावर येऊ दिले नाही. म्हणजे द्वेष केवळ मनात नसतो. पाणी, शाळा आणि घर यांच्या वाटपात तो मुरलेला असतो.

त्याच्याशी लढणारी संस्था कशी चालवावी, याचा धडा बहिष्कृत हितकारिणी सभेत मिळतो. ९ मार्च १९२४ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बैठक झाली आणि २० जुलैला सभा स्थापन झाली. अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते. कार्यकारी मंडळाची धुरा बाबासाहेबांकडे होती. प्रतिष्ठितांची साथ घेतली, पण सूत्रे ज्यांनी सोसले त्यांच्याच हाती ठेवली. सभेचे काम पाहिले तर वाचनालय आणि वसतिगृह दिसते. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह उघडले. महाडचे चवदार तळे त्यानंतर, मार्च १९२७ मध्ये. त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ उजाडले. एवढा काळ तग धरायला नुसता संताप पुरत नाही.

आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा बोले ठराव इथे लागू नव्हता. मराठवाड्यातल्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या संस्थेचे महाविद्यालय औरंगाबादला सुरू झाले ते १९५० मध्ये.

आम्ही काही जण एक लहानशी संस्था चालवतो. गेल्या वर्षी मोबाइलवर एका समाजाविषयी विखारी मजकूर फिरला. आमच्या पोरांना लगेच मोर्चा हवा होता. मी म्हणालो, आधी वह्या काढा. कोणाची उधारी बंद झाली, कोणाचे काम सुटले, कोणते लेकरू शाळेत येईना, ते लिहा. मग घरोघर गेलो. एका घरी मात्र उशीर झाला. घरातली माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला निघून गेली होती आणि मुलगीही त्यांच्यासोबत गेली होती. मोर्चाच्या वादात आम्ही आठ दिवस घालवले होते. त्यात तिचे वर्ष गेले.

यंदा दसऱ्यालाच आम्ही तिच्या घरी जाऊन आलो. आईबाप तोडीला गेले आहेत; ती गावी आजीजवळ राहून शाळेत जाते. आमच्या वहीत तिच्या नावापुढे रोज खूण होते.