वारीच्या वाटेवरील ट्रॅक्टर-ट्रॉली : वाहतूक, थांबा आणि मुक्कामाची मांडणी

ज्येष्ठ वद्य पक्षात देहू आणि आळंदी येथून पालख्यांचे प्रस्थान होते आणि आषाढ शुद्ध एकादशीपर्यंत पंढरीच्या वाटा माणसांनी फुलून जातात. दिंडी पायी चालते. पण दिंडीचा संसार चाकांवरून जातो. राहुट्या, कनाती, ताडपत्र्या, बांबू, धान्याची पोती, मोठी पातेली, सरपण, गॅसच्या टाक्या, वारकऱ्यांच्या वळकट्या आणि पिण्याचे पाणी एवढे सारे सामान दररोज सकाळी आवरून पुढच्या तळावर न्यावयाचे आणि वारकरी पोहोचण्यापूर्वी तेथे मुक्काम मांडून ठेवावयाचा, असा हा क्रम सुमारे तीन आठवडे चालतो. हे काम काही दिंड्यांत मालमोटारी करतात, तर अनेक दिंड्यांत गावचा ट्रॅक्टर आणि त्यामागची ट्रॉली किंवा पाण्याची टाकी करते.

ट्रॅक्टर हे मुळात शेतीचे यंत्र होय. शेतात तो ज्या गुणांमुळे उपयोगी पडतो, त्यांतील काही गुण रस्त्यावर दोष ठरतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात ताबा सुटलेले उत्खनन यंत्र दिंडीत शिरून वारकऱ्यांना प्राणास मुकावे लागले. जुलै २०२४ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पंढरपूरकडे निघालेल्या वारकऱ्यांची बस ट्रॅक्टरवर आदळून पाच जण दगावले. चालणारी माणसे, मंद वाहने आणि वेगवान वाहने एका वाटेवर आली म्हणजे एका चुकीची किंमत किती मोठी होते, हे या घटनांवरून दिसते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपूर येथे पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसविण्यात आली आणि त्या आराखड्यात चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्ट्याची तरतूद करण्यात आली. परंतु रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेगही वाढतो. म्हणून ट्रॉली कशी भरावी, कशी ओढावी, कोठे उभी करावी आणि तिच्याभोवती मुक्काम कसा मांडावा, याची माहिती दिंडीप्रमुखांना आणि वाटेवरील ग्रामपंचायतींनाही असणे अगत्याचे आहे.

ट्रॉली भरताना

एका आसाच्या म्हणजे दोन चाकी ट्रॉलीचे काही वजन तिच्या चाकांवर आणि काही वजन पुढच्या दांडीमार्फत ट्रॅक्टरच्या हुकावर येते. या वाटणीवरच सारी स्थिरता अवलंबून असते. जड सामान मागच्या फाळक्याकडे ठेवले, तर ट्रॉली मागे झुकते, दांडी हुकाला वर उचलू पाहते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची जमिनीवरील पकड कमी होते. अशी ट्रॉली वेग घेताच डावीकडे-उजवीकडे हेलकावे खाऊ लागते. पाश्चात्त्य देशांत सुटीच्या प्रवासासाठी मोटारीमागे फिरती घरे ओढली जातात. तेथेही नियम हाच आहे. अमेरिकेत अशा गाडीच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर यावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आपल्या ट्रॉलीसाठी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच, की धान्याची पोती, पातेली आणि शेगड्या तळाशी व आसाच्या किंचित पुढे असाव्यात. वळकट्या आणि कनाती वर व मागे ठेवाव्यात. डाव्या-उजव्या बाजूंचे वजन सारखे असावे. बांबू फाळक्याबाहेर येत असतील तर त्यांच्या टोकाला दिवसा लाल फडके आणि रात्री लाल दिवा बांधावा.

पाण्याच्या टाकीचा विचार वेगळा करावा लागतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे ५,००० लिटरच्या टाकीत पाच टन पाणी असते आणि टाकीचे लोखंड त्याहून निराळे. अर्धी भरलेली टाकी हलकी म्हणून सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. अर्ध्या टाकीतील पाणी ब्रेक लावताच पुढे आणि वळणावर बाहेरच्या बाजूला धाव घेते. टाकीच्या आत आडवे पडदे बसविलेले असल्यास हा धक्का कमी होतो. शक्यतो टाकी पूर्ण भरून न्यावी किंवा पूर्ण रिकामी करून न्यावी.

ट्रॉलीवर माणसे बसवू नयेत. ट्रॉलीची नोंदणी मालासाठी असते. तिला बसण्याची सोय नसते, धरावयास आधार नसतो आणि ती उलटली तर सामानासह सारा भार आतील माणसांवर येतो. थकलेल्या वृद्ध वारकऱ्यासाठी दिंडीने प्रवासी वाहनाची सोय आधीच करून ठेवावी. हुकाजवळच्या दांडीवर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणे तर त्याहूनही धोक्याचे होय.

जोड आणि ब्रेक

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या मागील खालच्या हुकालाच जोडावी. ओढ मागच्या आसापेक्षा उंच जागेवरून बसली, तर चढावर ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलले जाते आणि ट्रॅक्टर मागे उलटण्याचा संभव असतो. हुकाची पीन योग्य जाडीची असावी. खिळा, सळई किंवा झिजलेली पीन वापरू नये. पीन वर उसळू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला अटक लावावी आणि जोड निसटलाच तर ट्रॉली वाट सोडून जाऊ नये म्हणून दांडी व ट्रॅक्टर यांमध्ये मजबूत साखळी बांधावी.

अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. याचा परिणाम साध्या हिशेबाने समजू शकतो. दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे सहा टनांचे ओझे जोडले म्हणजे एकूण वजन आठ टन, अर्थात चौपट होते. पण ते थांबविणारे ब्रेक ट्रॅक्टरचेच राहतात. एकटा ट्रॅक्टर ब्रेक लावल्यावर पाच मीटरांत थांबत असेल, तर त्याच वेगाने जाणाऱ्या या जोडगाडीस सुमारे वीस मीटर लागतील. शिवाय ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत तेवढी वाट संपलेली असते. वेग दुप्पट केला तर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. पुढे पायी चालणारी दिंडी असताना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकांसाठी ब्रेकच्या दोन पट्ट्या असतात. शेतात कोपऱ्यावर वळताना त्या वेगवेगळ्या दाबाव्या लागतात. रस्त्यावर मात्र त्या कडीने एकत्र जोडलेल्याच असल्या पाहिजेत. अन्यथा एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलत आडवी करते. शेतातून रस्त्यावर येताना ही कडी लावणे हे चालकाचे पहिले काम होय.

घाटात उतरताना हा धोका वाढतो. वीस फुटांस एक फूट असा सौम्य उतार धरला, तरी आठ टनांची जोडगाडी सुमारे ४०० किलोच्या जोराने खाली ओढली जाते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनाच्या अटकावानेच उतरावे. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून किंवा क्लच दाबून उतरणे म्हणजे इंजिनाचा आधार स्वतःच्या हाताने तोडणे होय. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि नेमक्या वेळी धरत नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून घाट उतरू नये. पालखी घाटात असताना दिंड्यांच्या वाहनांसाठी प्रशासन जो मार्ग आणि जी वेळ ठरवून देते, ती काटेकोरपणे पाळावी.

ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूंना पिवळ्या आणि पुढे पांढऱ्या परावर्तक पट्ट्या असाव्यात. चिखलाने माखलेली पट्टी नसल्यासारखीच असते. म्हणून रोज सायंकाळी ती पुसावी. ट्रॅक्टरचा नोंदणी क्रमांक शेवटच्या ट्रॉलीच्या मागेही असला पाहिजे, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये सांगितले आहे.

तळावर उभी करताना

वारी पावसाळ्यात असते आणि वाटेवरील पुष्कळशी जमीन काळी आहे. दुपारी टणक दिसणारी जमीन एका सरीनंतर चाक गिळते. ट्रॉली उभी करण्यापूर्वी चालकाने खाली उतरून जागा पायी पाहावी. मुरमाड, थोडी उंच आणि निचऱ्याची जागा निवडावी. ओढ्याचा काठ, बांधाची कड आणि विजेच्या तारांखालची जागा टाळावी. उद्या सकाळी बाहेर कसे पडावयाचे, हे आजच ठरवून ट्रॅक्टरचे तोंड बाहेरच्या वाटेकडे ठेवावे.

दोन चाकी ट्रॉली मागे घेताना चक्र उलटे फिरवावे लागते. ट्रॉलीचे मागचे टोक डावीकडे न्यावयाचे असेल तर चक्र प्रथम उजवीकडे फिरवावे आणि ट्रॉली वळू लागताच तिच्यामागे ट्रॅक्टर सरळ करीत आणावा. वाट दाखविण्यास एकच माणूस असावा. तो चालकाला दिसेल अशा जागी उभा राहावा आणि ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मध्ये किंवा ट्रॉलीच्या थेट मागे कोणीही जाऊ नये. चारी बाजूंनी चार जणांनी ओरडल्याने चालकास कोणाचेच ऐकू येत नाही.

उभी केल्यावर हातब्रेक ओढावा आणि दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने लाकडी ठोकळे लावावेत. दांडी सोडावयाची असल्यास तिच्याखाली भक्कम घोडी द्यावी. चिखलात घोडी रुतू नये म्हणून तिच्याखाली फळी ठेवावी. मागे जड माल असताना दांडी सोडली, तर ट्रॉली मागच्या बाजूला उलटते; म्हणून आधी मागील माल उतरवावा. रस्त्याच्या कडेला, साइडपट्टीवर ट्रॉली उभी ठेवून माल उतरविणे हा सोयीचा वाटणारा पण घातक प्रकार आहे. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन उभे करणे कायद्यानेही वर्ज्य आहे.

एका गोष्टीचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. पाऊस आला की थकलेला वारकरी जवळच्या ट्रॉलीखाली पाठ टेकतो. पहाटे अंधारात गाडी हलविण्याची घाई असते. म्हणून ट्रॉलीखाली कोणी झोपू नये, हे रात्रीच्या कीर्तनानंतर दिंडीत जाहीर करावे. आणि तरीही इंजिन सुरू करण्यापूर्वी चालकाने बॅटरी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारावी व चाकांखाली पाहावे. या फेरीस एक मिनिट लागते.

मुक्काम मांडताना

राहुट्या ट्रॉलीच्या वरच्या अंगास, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर माराव्यात. राहुटीचा तणावा ट्रॉलीला बांधू नये. कारण गाडी हलली की राहुटी कोसळते. मेखा राहुटीकडे पाठ करून तिरप्या ठोकाव्यात. पावसाचे पाणी वळविण्यासाठी भोवती वीतभर चर खणावा आणि तो खालच्या बाजूस मोकळा सोडावा.

स्वयंपाकाची जागा राहुट्यांपासून आणि ट्रॅक्टरच्या डिझेलपासून वेगळी असावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाल्यास तो खळग्यात साचतो. म्हणून टाकी उभी, उघड्या हवेत व सपाट जागी ठेवावी, खड्ड्यात किंवा बंद कनातीत ठेवू नये. विजेचे जनित्र बंद राहुटीत किंवा तिच्या तोंडाशी चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूस वास नसतो आणि झोपलेल्या माणसास तो कळत नाही. विजेची जोडवायर ओल्या जमिनीवर न पसरता खांबावरून न्यावी.

टाकीतील पाणी शुद्ध करून घ्यावे. १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम टीसीएल पावडर या प्रमाणात ५,००० लिटरच्या टाकीस २५ ग्रॅम पावडर लागते. ती बादलीभर पाण्यात कालवून निवू द्यावी, वरची निवळी टाकीत ओतावी आणि अर्ध्या तासानंतर पाणी वापरावे. शौचाची जागा पाण्याच्या टाकीपासून व विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगास असावी.

गावाचे काम

पालखीचा मुक्काम एक रात्रीचा असतो, पण त्याची तयारी गावाला आधी करावी लागते. वाटेवरील ग्रामपंचायतीने वाहनतळ आणि राहुट्यांची जागा स्वतंत्र आखावी, आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवावी, खोलगट जागी मुरूम टाकून घ्यावा आणि लोंबणाऱ्या तारांची सूचना वीज कंपनीस वेळेत द्यावी. जेथून दिंडी निघते त्या गावाने प्रस्थानापूर्वी ट्रॅक्टर-ट्रॉलीची पीन, साखळी, टायर, दिवे आणि ब्रेक यांची तपासणी करून घ्यावी. शिक्षकांनाही या कामी वाटा उचलता येईल. भार, वेग आणि थांबण्याचे अंतर यांचा वर दिलेला हिशेब हा वर्गात सोडविण्याजोगा गणिताचा धडाच आहे. आणि तो ज्या मुलांना समजेल, त्यांतील कित्येक जण उद्या ट्रॅक्टर चालविणार आहेत.

या सूचनांत खर्चाची बाब फारशी नाही. एक चांगली पीन, एक साखळी, दोन ठोकळे, एक घोडी आणि थोड्या परावर्तक पट्ट्या एवढ्या साहित्याने बरेचसे धोके टाळता येतात. उरलेले काम सवयीचे आहे. ही सवय वारीत लागली, तर ऊस कारखान्यावर नेताना, बाजारच्या दिवशी आणि जत्रेच्या वाटेवरही ती उपयोगी पडेल.