चित्र यंत्राचे, जबाबदारी डिझाइनरची

रत्नागिरी : आंब्याच्या पेटीवरील लेबल, काजूचे पाकीट, दुकानाचा फलक किंवा लग्नपत्रिका यांचे आरेखन ही आजवर डिझाइनरच्या हातची कामे होती. आता स्वयंचलित संगणकीय साधनांनी त्यांत प्रवेश केला आहे. त्यामुळे डिझाइनरचे काम संपणार का, यापेक्षा ते कोणत्या दिशेने सरकते आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

नवे काय?

पेजमेकर, कोरलड्रॉ, फोटोशॉप या प्रणाली डिझाइनरच्या प्रत्येक आज्ञेची वाट पाहत. नव्या साधनांना केवळ उद्दिष्ट सांगावे लागते. 'आंबापोळीच्या पाकिटासाठी चार नमुने' एवढे सांगितले, की ती कामाचे टप्पे पाडतात, चित्र काढतात, रंग निवडतात आणि निरनिराळ्या आकारांच्या प्रती तयार करतात. अ‍ॅडोबी कंपनीने मार्च 2023 मध्ये 'फायरफ्लाय' आणल्यानंतर चित्रनिर्मितीची अशी सोय नेहमीच्या वापरातील प्रणालींतच मिळू लागली.

'रत्नागिरी'ची परीक्षा

देवनागरीत मात्र यंत्र अडखळते. टंकलेखनात अक्षरांमागे ठरलेले संकेत असतात. चित्र काढणारी प्रणाली अक्षरेही चित्रासारखीच रेखाटते. 'रत्नागिरी' या शब्दात 'त्न' हे जोडाक्षर आहे. 'गि'मधील वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लिहिताना आधी. असे बारकावे हुकले, की गावाचे नावच बिघडते. नव्या आवृत्त्यांत सुधारणा झाली असली, तरी छपाईपूर्वी प्रत्येक अक्षर डोळ्यांखालून घालण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच अनेक डिझाइनर चित्र यंत्राकडून घेऊन अक्षरे स्वतंत्रपणे युनिकोड फॉन्टमध्ये बसवितात.

लेबल म्हणजे केवळ चित्र नव्हे

कोकणातील हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हे त्यात येतात. यंत्र कोणत्याही आंब्याभोवती 'अस्सल हापूस' अशी अक्षरे सहज गुंफील. फळ कोठून आले, हे त्याला ठाऊक नसते. पाकिटबंद खाद्यपदार्थावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि अन्न परवाना क्रमांक लागतो. यंत्राने शोभेसाठी मांडलेला एखादा आकडा तसाच छापला गेला, तर उत्तर व्यावसायिकाला द्यावे लागते.

झळ कोणाला?

पार्श्वभूमी कापणे, आकार बदलणे, एकाच नमुन्याच्या अनेक प्रती काढणे ही कामे यंत्र झपाट्याने करते. नवशिके याच कामांवर हात बसवून घेत असत. शिकण्याची ही पहिली पायरी अरुंद होणे, हा या बदलाचा खरा धोका आहे. अनुभवी डिझाइनरचा वेळ आता ग्राहकाचे म्हणणे समजून घेणे, नमुना निवडणे आणि चुका शोधणे यांकडे वळत आहे. या कामाचा मोबदला वेगळा धरला गेला नाही, तर यंत्राने वाचविलेल्या वेळेचा लाभ डिझाइनरच्या पदरी पडणार नाही.