नऊ दिवस आधी

बालमित्रांनो, व्हायोलिन तुम्ही पाहिलंच असेल. त्याच्यापेक्षा थोडा मोठा, जाड आवाजाचा भाऊ म्हणजे व्हिओला. आणि खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात तो भला थोरला चेलो. या तिघांसाठी लिहिलेल्या रचनेला ‘स्ट्रिंग ट्रायो’ म्हणतात. अशाच एका ट्रायोची ही हकिकत.

तो लिहिला गिडिऑन क्लाइनने. जन्म १९१९चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हिया प्रांतातला. पियानोत विलक्षण हुशार! पण तो ज्यू होता. १९३९ साली नाझी सैन्य देशात घुसलं आणि पुढे ज्यू कलावंतांना जाहीर कार्यक्रमात वाजवायला बंदी झाली. पठ्ठ्या मग कारेल व्रानेक असं दुसरंच नाव घेऊन वाजवू लागला. १९४०मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकायची संधी आली. देश सोडायची परवानगी मात्र मिळाली नाही. डिसेंबर १९४१मध्ये त्याला तेरेझीनला नेण्यात आलं.

तेरेझीन म्हणजे प्रागच्या उत्तरेचं, तटबंदीचं एक जुनं गाव. नाझींनी त्याचा अवघाच्या अवघा तुरुंग केला. तिथे सुमारे १ लाख ४० हजार ज्यू आणले गेले. त्यातले ३३ हजारांच्या आसपास उपासमारीने आणि रोगांनी तिथेच गेले. मुलंही होती. त्यांना शिकवायला मनाई! तरी मोठी माणसं चोरून शिकवत, आणि क्लाइनही मुलांमध्ये रमे. रोज उजळ माथ्याने वर्गात जाणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून काय वाटतं ते सांगता येत नाही.

१९४४च्या शरद ऋतूत त्याने हा ट्रायो लिहिला. भाग तीन. पहिला आणि शेवटचा छोटे, चपळ. मधला संथ आणि सगळ्यांत मोठा. त्यात त्याने घेतलंय मोराव्हियातलं एक लोकगीत, एका उंच मनोऱ्याचं. आपल्याकडे भजनात बुवा एकच ओळ किती तऱ्हांनी आळवतात, आठवतंय ना? तसंच इथे. तीच चाल कधी हळुवार, कधी चिडलेली, कधी अगदी एकाकी होऊन येते. बाकी सगळं काढून घेतलं होतं. हे गाणं तेवढं त्याच्यापाशी उरलं होतं.

७ ऑक्टोबर १९४४ला रचना पुरी झाली. १६ ऑक्टोबरला त्याला रेल्वेने ऑशविट्झच्या छळछावणीकडे धाडलं. तिथून कोळशाच्या खाणीवरच्या एका छावणीत. जानेवारी १९४५मध्ये तो गेला, वय फक्त २५.

मग हा ट्रायो आपल्यापर्यंत आला कसा? निघताना क्लाइनने आपली हस्तलिखितं तेरेझीनमधल्या एका मैत्रिणीकडे ठेवली होती. युद्ध संपल्यावर तिने ती त्याच्या बहिणीला, एलिश्काला दिली. एलिश्का स्वतः ऑशविट्झमधून वाचून परतली होती. तीही पियानोवादक आणि संगीतशिक्षिका. भावाचे कागद तिने जन्मभर जपले.

सगळा ट्रायो बारा-तेरा मिनिटांचा आहे. पालकांनो, मुलांना ऐकवताना आधी मधला भाग लावा. आणि मुलांनो, ती चाल पुन्हापुन्हा कोणत्या वाद्यावर येते, ते ओळखा पाहू!