सालईचा डिंक

भेस्तान, उधना या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या उत्तरेस सातपुड्याची रांग लागते. तिच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर सालईचे वृक्ष वाढतात. आपल्या वृत्तपत्रांशीही या वृक्षाचा जुना संबंध आहे. १९५६ साली राष्ट्रार्पण झालेल्या नेपानगरच्या गिरणीने वृत्तपत्री कागद काढला, तो सालई आणि बांबू यांपासूनच.

परंतु लाकडापेक्षा मोलाचा तिचा डिंक. सालीला छेद दिला की पाझरणारा हा सुगंधी डिंक वैद्यांनी सांधेदुखीवर पूर्वापार वापरला. १९८६ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग व अटल यांनी त्याच्या अर्काचा सूज उतरविण्याचा गुण प्रयोगांनी दाखविला. पुढे जर्मनीत ट्यूबिंगेन येथे त्यामागील कारण शोधले गेले. अ‍ॅस्पिरिनमुळे प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये तयार होणे थांबते. डिंकातील बॉस्वेलिक आम्ले मात्र सूज वाढविणारी ल्युकोट्राइन ही निराळी द्रव्ये घडविणाऱ्या विकराला अडवितात, असे प्रयोगशाळेत आढळले. वाट निराळी, म्हणूनच संशोधकांना कुतूहल! अडचण अशी की, ही आम्ले पोटातून रक्तात फार थोडी उतरतात. गुडघेदुखीच्या रुग्णांना गुण आला खरा, पण त्या चाचण्या बहुधा लहान होत्या. तेव्हा डॉक्टरांचे औषध परस्पर सोडून कोणी डिंकावर विसंबू नये.

मागणी वाढली, तसे घावही वाढले. खोल आणि वारंवार घातलेल्या घावांनी वृक्ष खंगतो. सालई फांदी लावूनही जगते. पण डिंक देण्याजोगे खोड व्हावयास कित्येक वर्षे जावी लागतात.