उत्खननावरील रोजंदार व त्यांचा हजेरीपट

एप्रिल १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपारें येथील ‘बुरुडराजाचा कोट’ म्हणून ओळखलें जाणारें टेकाड खणविलें, आणि आंतील दगडी करंडकांतून तांबें, चांदी, दगड, स्फटिक व सोनें अशा एकींत एक बसविलेल्या डब्या निघाल्या. ही हकीकत आमच्या वाचकांस नवी नाहीं. ‘खणविलें’ हें क्रियापद मात्र आम्हीं मुद्दाम योजिलें आहे. पंडितजींनीं खणविलें, खणलें दुसऱ्यांनीं. दायमाबादचा धातूचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा हेहि १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्याच्या कुदळीखालीं आले. या दुसऱ्या मंडळींचा कायद्यांत काय हक्क आहे, व तो ठरवितांना कागदाचें महत्त्व किती, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. कागदाचा विषय म्हटल्यावर संग्राहक वाचक कंटाळणार नाहींत अशी आशा आहे.

सोपारें आज पालघर जिल्ह्यांत मोडतें. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून वेगळा झाला. वसईपासून केळवें, शिरगांव, तारापूरपर्यंतचा किनारा व आंत अशेरी, काळदुर्ग हे डोंगर. वसईच्या मोहिमेचे कागद चाळणारास यांतील प्रत्येक नांव परिचयाचें. १७३९ मध्यें तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर पडले तें आपणांस ठाऊक असतें. मोहिमेंतील बेलदारांची आठवण निघते ती हिशेबाच्या बंदांत रोजमुऱ्याचा आंकडा दिसतो तेव्हां. म्हणजे तेथेंहि मजुराचें अस्तित्व टिकविलें तें हजेरीच्या कागदानेंच.

आतां आजची स्थिति. कोंकणांत जून ते सप्टेंबर खणणें अशक्य. पाऊस ओसरून जमीन वाळली म्हणजे काम सुरू होतें व मे-अखेर गुंडाळावें लागतें. सुट्या व खाडे वजा जातां एका हंगामांत दीडशें-पावणेदोनशें दिवसांवर हजेरी क्वचितच जाईल. आणि १९४७ च्या औद्योगिक तंटा कायद्यानें नोकरींतून काढतांना नोटीस व नुकसानभरपाई मिळण्यास बारा महिन्यांत २४० दिवसांची अट घातली होती. उत्खननाचा हंगामच या आंकड्याहून आंखूड असल्यामुळें चर खणणारा मजूर वर्षानुवर्षें त्याच मुकादमाच्या हाताखालीं आला तरी कायद्याच्या दृष्टीनें दरवर्षीं नवा ठरे. ही कोणाची लबाडी नव्हे. पावसाळ्याची व कायद्याची गांठ पडल्याचा परिणाम आहे. तथापि त्याचा लाभ मालकास होतो हें कबूल केलें पाहिजे, आणि उत्खनन करविणाऱ्या आपल्यासारख्या मंडळ्याहि येथें मालकच आहेत.

ज्यांचे २४० दिवस भरतात त्यांचाहि मार्ग सरळ नसतो. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हदिमनी यांच्या प्रकरणांत असें ठरविलें कीं, दिवस भरल्याचा पुरावा मजुरानें आणावयाचा. त्याचें नुसतें प्रतिज्ञापत्र पुरत नाहीं. आतां हजेरीपट कोणाच्या पेटींत असतो? ज्याच्याविरुद्ध दाद मागावयाची त्याच्या! दानपत्र एकाच्या घरीं व हक्क दुसऱ्याचा, अशी स्थिति इनामाच्या तंट्यांत आपण पुष्कळदां पाहिली आहे. तिचें पर्यवसान काय होतें तें सांगावयास नको.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतील रोजंदारांसाठीं १ सप्टेंबर १९९३ पासून ‘तात्पुरता दर्जा’ देणारी योजना निघाली. पण ती त्या तारखेस कामावर असलेल्यांपुरतीच, चालू योजना नव्हे, असा निर्णय २००२ मध्यें मोहन पाल प्रकरणांत झाला. पुढें १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालानें रीतसर भरतीवांचून सरकारी नोकरींत कायम होण्याची वाट बहुतेक बंद केली. महाराष्ट्रांत मात्र एक निराळा धागा आहे. येथील १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंधाचा कायदा, कायमपणाचे हक्क मिळूं नयेत या हेतूनें माणसांस वर्षानुवर्षें बदली वा नैमित्तिक म्हणून ठेवणें, ही गोष्ट अनुचित प्रथांच्या यादींत घालतो. पुण्याच्या वनखात्यांतील मजुरांनीं याच कलमावर दाद मागितली, व १९९५ च्या जगन्नाथ मारुति कोंढारे प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ती मान्य केली. ते मजूर पांच-सहा वर्षें ‘नैमित्तिक’ होते. वनखात्याचें तें काम सार्वभौम सत्तेचें नव्हे, असेंहि न्यायालयानें म्हटलें. आमच्या मतें सरकारी उत्खननावरील मजुरास जवळचें उदाहरण हेंच.

संशोधन हा ‘उद्योग’ होय काय, हा वादहि जुना आहे. १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा निकालानें नफ्याचा हेतु गौण मानून संशोधनसंस्थांसहि त्या शब्दांत ओढलें. १९९७ त अहमदाबादच्या भौतिकी प्रयोगशाळेस मात्र वगळण्यांत आलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार-संहिता अमलांत आल्या, त्यांतील औद्योगिक संबंधांच्या संहितेनें सरकारचीं सार्वभौम कामें व मुख्यत्वें धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्था व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. एखादें इतिहास-मंडळ स्वतःस परोपकारी म्हणवून आपल्या मजुरास न्यायालयाचें दार बंद करूं पाहील तर तें आम्हांस शोभणार नाहीं, इतकें येथें म्हणून ठेवितों. किमान वेतनाबाबत मात्र स्थिति सुधारली आहे. १९४८ च्या कायद्यांत ज्या धंद्याचें नांव अनुसूचींत असे त्यासच दर लागू होई; वेतन-संहितेनें ही अडचण काढून टाकिली. रोजंदाराचे पैसे त्याच दिवशींचें काम संपतां द्यावे व काढून टाकिलेल्यास दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करावा, असेंहि तींत आहे.

आतां संघटनेविषयीं. सात माणसें एकत्र येऊन संघ नोंदवूं शकतात हें १९२६ च्या कायद्यापासून चालत आलें आहे. २००१ पासून त्यांत कामगारांच्या एकदशांश किंवा शंभर, यांपैकीं जी कमी असेल त्या संख्येची अट आली व नव्या संहितेंतहि ती आहे. मालकाशीं एकट्यानें बोलणी करण्याचा अधिकार ज्या संघास हवा त्याच्या बाजूस हजेरीपटावरील शेंकडा ५१ कामगार असावे लागतात. पुन्हां हजेरीपटच! ज्याचें नांव मुकादमाच्या खिशांतील चिटोऱ्यावर आहे तो मोजलाच जाणार नाहीं.

शिवाय पालघरचा मजूर एका जागीं कोठें राहतो? आज चरांत घमेलें उचलणारा पुढच्या महिन्यांत वीटभट्टीवर असतो, किंवा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखालीं. कामाच्या जागेवर उभारलेला संघ अशा माणसास धरून ठेवूं शकत नाहीं. येथील इतिहास या बाबतींत फार बोलका आहे. मे १९४५ त झरी येथें जमलेल्या वारल्यांनीं वेठ नाकारिली व रोजीं बारा आणे रोख मागितले. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेनें ही संघटना पाड्यापाड्यांनीं बांधिली होती, मालकामालकानें नव्हे. १० ऑक्टोबरला तलवाड्यास गोळीबार होऊन पांच माणसें पडलीं, तरी ती मोडली नाहीं. पुढें १९७८ ची कष्टकरी संघटना व १९८२ ची श्रमजीवी संघटना यांचेंहि बळ पाड्यांतच राहिलें. उत्खननावरील मजुराचा संघ निघावयाचा असेल तर तो असाच पाड्यावर आधारलेला निघेल असें आम्हांस वाटतें. इंग्लंडांतील फिरत्या खणणाऱ्यांनीं प्रॉस्पेक्ट या मोठ्या संघांत आपली शाखा केली आहे, तींतहि कारण बहुधा हेंच असावें.

मिसरांत फ्लिंडर्स पेट्री यांनीं सांपडलेल्या वस्तूबद्दल मजुरास बक्षीस देण्याची चाल ठेविली होती. तिनें वस्तु चोरीस जात नाहींत हें खरें, पण रोजाच्या हक्काची जागा मेहेरबानी घेते, म्हणून आम्ही तिचे फारसे चाहते नाहीं.

तेव्हां पुढील हंगामीं शिरगांव-तारापूरकडे जाणाऱ्या मंडळींनीं एवढें करावें: हजेरीपटावर मजुराचें पूर्ण नांव, पाडा, चराचा क्रमांक व दिवसाचा दर स्वच्छ लिहावा, दर शनिवारीं त्याची सहीची नक्कल मजुरास द्यावी, आणि मूळ पट उत्खननाच्या वहीस जोडून ठेवावा. कामावरून काढलेल्यास तंटा नेण्यास पूर्वीं तीन वर्षें होतीं, आतां दोनच आहेत. तेवढ्या काळांत तरी पट रद्दींत जातां कामा नये. शिवाय कोणत्या थरावर कोणाचा हात चालत होता याची विश्वसनीय नोंद पुढील अभ्यासकास याच पटांत मिळेल.