मुलांना घेऊन क्रूझला निघताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र रात्रभराच्या प्रवासावर. त्यामुळे सुट्टीत जहाजावर राहायला जाण्याचा विचार आपल्याकडे अगदी अलीकडचा. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करू लागलं आणि विदर्भातल्या घरांतही केरळ-काश्मीरच्या जोडीला क्रूझचं नाव निघू लागलं.

नाव निघालं की शंकाही निघतात, आणि त्यांची उत्तरं बहुधा ऐकीव माहितीवर दिली जातात. परिणाम असा होतो, की धोका नगण्य आहे तिथे आपण घाबरतो आणि खरी काळजी घ्यायला हवी तिथे निर्धास्त राहतो. सोबत लहान मुलं असताना ही गल्लत परवडणारी नाही. म्हणून एकेक गैरसमज घेऊन वस्तुस्थिती पाहू.

गैरसमज १ : एवढ्या पाण्यात मुलांना नेणं म्हणजे जिवाशी खेळ

ही भीती निराधार नाही. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातली घरं ती आठवण अजून सांगतात. पण आजच्या प्रवासी जहाजाची तुलना त्या बोटीशी करता येत नाही. 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर १९१४ मध्ये 'सोलास' हा समुद्री सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यात पुढे सतत भर पडत गेली. लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजावर सर्वांना पुरतील इतक्या जागा जीवरक्षक बोटींत आणि तराफ्यांत असाव्या लागतात, शिवाय २५ टक्के जादा तराफे. प्रत्येक मुलासाठी लहान मापाचं लाइफ जॅकेटही असावं लागतं.

'एम्प्रेस' १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट-नझेर इथे बांधलेलं, २११ मीटर लांबीचं जहाज आहे. अशा जहाजावर आई-वडिलांच्या हाती असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सुरक्षेची कवायत. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकाला लागून कलंडलं, ३२ जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. कंटाळा करून खोलीत बसू नका. मुलाला घेऊन जा, त्याच्या मापाचं जॅकेट मागून घ्या आणि एकदा प्रत्यक्ष अंगावर चढवा. पट्टे आवळल्यावर खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून पाहा. ते हनुवटीवरून कानांपर्यंत सरकत असेल तर माप मोठं आहे, लगेच बदलून मागा.

गैरसमज २ : मुलांना हमखास बोट लागते

बोट लागते ती कान आणि डोळे यांच्यातल्या विसंगतीमुळे. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा शरीर हलतंय असं सांगते, डोळ्यांना मात्र खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो, २ वर्षांखालच्या बाळांना क्वचितच. ज्या मुलाला घाटात गाडी लागते त्याची काळजी आधीपासून घ्यावी. पण मोठ्या जहाजांच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात आणि ते डोलणं बरंच कमी करतात. शांत मोसमात पुष्कळ मुलांना काहीच होत नाही.

खोली निवडताना जहाजाच्या मध्यभागातली आणि खालच्या मजल्यावरची मागावी, तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मळमळ सुरू झाली तर मुलाला उघड्या डेकवर नेऊन क्षितिजाकडे बघायला सांगावं आणि हातातला मोबाइल काढून घ्यावा. उलटीचं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारून, वजनाप्रमाणे डोस लिहून घेऊनच सोबत ठेवावं. मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याचा घरगुती प्रयोग नको.

गैरसमज ३ : शाळेला सुट्टी आहे तोवर कधीही जावं

विदर्भातल्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यायला हवं. उन्हाळ्यामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळे जूनचे पहिले पंधरा-वीस दिवस आपल्याला सुट्टीचेच वाटतात. समुद्राच्या दृष्टीने तोवर मोसम संपलेला असतो. मान्सून केरळात सरासरी १ जूनला आणि मुंबईत ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, आणि अरबी समुद्र खवळायला सुरुवात त्याच्याही आधीपासून होते. जून २०२३ मध्ये 'एम्प्रेस'च्या सफरी पश्चिम किनाऱ्याऐवजी चेन्नईहून श्रीलंकेकडे निघाल्या होत्या.

चक्रीवादळांचंही तसंच. 'तौक्ते' मे २०२१ मध्ये लक्षद्वीपजवळून मुंबईच्या बाजूने वर सरकलं, 'निसर्ग' ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, 'ओखी'ने २०१७ च्या डिसेंबरच्या तोंडावर लक्षद्वीपला झोडपलं. पावसाळ्याच्या दोन्ही कडांना ही शक्यता असते. मुलांसह पहिल्यांदा जाणार असाल तर नाताळची सुट्टी ते मार्च हा काळ उत्तम. दिवाळीत किंवा मेमध्येच जायचं असेल तर वादळामुळे सफर रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळतात, ते तिकीट काढण्याआधी लेखी घ्यावं.

गैरसमज ४ : नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलांना समुद्रावरचं ऊन काय करणार?

मेमध्ये ४५ अंश सोसणाऱ्यांना ३३ अंश म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला मनापासून वाटतं. इथे आपला घरचा कूलर आठवावा. नागपूरच्या कोरड्या हवेत त्याच्या वाळ्यातलं पाणी झपाट्याने वाफ होतं, म्हणून गारवा मिळतो. तोच कूलर मुंबईत लावला तर खोली नुसती दमट होते. घामाचं गणितही तेच आहे. समुद्रावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तो शरीर थंड करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घालवतो. नागपूरची सवय तिथे कामाला येत नाही.

दुसरी फसगत वाऱ्याची. डेकवर सतत वारा असतो, त्यामुळे कातडी भाजतेय हे कळतच नाही. तापमान आणि अतिनील किरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्षद्वीप विषुववृत्ताच्या आपल्यापेक्षा बरंच जवळ आहे, आणि पांढरी वाळू व पाणी दोन्हीकडून किरणं परतून अंगावर येतात. सावलीत बसलेलं मूलही भाजू शकतं. नागपुरात आपण दुपट्टा बांधल्याशिवाय दुपारी बाहेर पडत नाही, ती शिस्त जहाजावरही पाळावी. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख, रुंद काठाची टोपी, एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन दर २ तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा, तहान लागायची वाट न पाहता पाणी, आणि ११ ते ३ या वेळात सावली. ६ महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन न लावता सावलीतच ठेवावं.

गैरसमज ५ : पूल उथळ आहे, आजूबाजूला माणसं आहेत, मग मूल सुरक्षितच

सगळ्यांत घातक गैरसमज हा, कारण इथे आपण खरोखर डोळे मिटतो. कित्येक जहाजांवर पूलशी लाइफगार्ड नसतो, 'मुलांची जबाबदारी पालकांची' अशी पाटी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ३ लाख माणसं बुडून मरतात आणि त्यांतला जवळपास पाव वाटा ५ वर्षांखालच्या मुलांचा असतो.

बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी वर-खाली होत राहतं, डोकं मागे कलतं, केस डोळ्यांवर येतात तरी हात ते बाजूला सारत नाहीत, कारण दोन्ही हात पाणी खाली दाबत असतात. पाय जवळजवळ हलत नाहीत. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हाक कुठून मारणार? पाच-सात पावलांवरून बघणाऱ्याला मूल पाण्यात उभं राहून खेळतंय असंच वाटतं, आणि एखाद्या मिनिटात सगळं संपतं. आजूबाजूला पन्नास माणसं असली तरी प्रत्येकाला वाटत राहतं, दुसरा कोणी बघतोय.

त्यावर उपाय एकच. 'आत्ता लक्ष कोणाचं?' हे घरातल्या मोठ्यांनी मोठ्याने बोलून ठरवावं. ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाइल नको, पुस्तक नको. पोहता न येणाऱ्या लहान मुलापासून हातभर अंतरावरच राहावं. हवा भरलेले दंडाचे फुगे आणि ट्यूब ही खेळणी आहेत, लाइफ जॅकेट नव्हे. अंबाझरीच्या जलतरण तलावात शिकलेल्या मुलालाही समुद्रातली ओढ नवी असते, म्हणून लक्षद्वीपच्या लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्यात, स्थानिक माणसाने दाखवलेली हद्द ओलांडू देऊ नये. बाल्कनीची खोली घेतली असेल तर तिथली खुर्ची कठड्यापासून दूर ठेवावी, लहान मुलं तिच्यावर चढतात.

गैरसमज ६ : सॅनिटायझर लावलं की पोटाचे आजार होत नाहीत

जहाजांवर उलट्या-जुलाबांची जी साथ पसरते, तिच्यामागे बहुधा नोरोव्हायरस असतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा त्याच्यावर पुरेसा परिणाम होत नाही. बुफेला जाण्याआधी आणि शौचालयानंतर साबण-पाण्याने २० सेकंद हात धुणं हाच भरवशाचा उपाय. डायपरमधल्या बाळांना बहुतेक जहाजांवर पूलमध्ये सोडत नाहीत, त्याचंही कारण संसर्गच.

जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण तो बालरोगांचा पूर्ण विभाग नव्हे आणि बिल वेगळं द्यावं लागतं. ओआरएस, तापाचं औषध, नेहमीची औषधं आणि बाळाच्या दुधाची पावडर घरूनच घ्यावी. अनेक कंपन्या ६ महिन्यांखालच्या बाळांना आणि २४ आठवड्यांपुढच्या गर्भवतींना प्रवेश देत नाहीत, हेही आधीच विचारावं.

गैरसमज ७ : तिकिटात सगळं येतं

खोली, मुख्य भोजनगृहातलं जेवण, कार्यक्रम आणि बहुधा मुलांचा खेळविभाग तिकिटात येतो. कर, बंदरशुल्क, सेवाशुल्क, शीतपेयं, वायफाय, खास भोजनगृहं आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे अनेकदा वेगळे असतात. जाहिरातीतला आकडा पाहून ठरवू नका, चौघांचा अंतिम आकडा मागा. एकाच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीला दर बहुधा कमी असतो. खोल समुद्रात गेल्यावर फोन विमान मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह सेवेला जोडला जातो आणि भलंमोठं बिल येतं.

गैरसमज ८ : क्रूझ म्हटलं की पासपोर्ट लागतो

मुंबई-गोवा किंवा कोची अशा देशांतर्गत सफरीला सरकारी ओळखपत्र पुरतं, मुलांचंही मूळ ओळखपत्र हवं. लक्षद्वीप आपलंच असलं तरी तिथे जायला प्रवेश परवाना लागतो, तो कोण काढणार हे बुकिंगच्या वेळी स्पष्ट करून घ्यावं. श्रीलंका किंवा सिंगापूरची सफर असेल तर तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट हवा. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण ५ वर्षांचाच असतो, त्यामुळे मुदत तपासावी. नागपुरात विभागीय पासपोर्ट कार्यालय आहे, पण ऐन सुट्टीच्या तोंडावर धावपळ नको. सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड करून सिंगापूरलाच परतायचं असेल, तर व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे पाहावं.

गैरसमज ९ : जहाज आपल्यासाठी थांबेल आणि ठरलेल्या प्रत्येक बंदरात उतरायला मिळेल

दोन्ही चूक. चढण्याची वेळ टळली की जहाज निघतं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा पल्ला दिवसाभरात होतो आणि दुरांतो, विदर्भ एक्सप्रेस रात्रीतून मुंबईला पोहोचवतात, तरी त्याच दिवशी पोहोचण्याचा धोका घेऊ नये. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम केला तर मुलंही ताजीतवानी चढतात. जहाज जिथून सुटतं ते बॅलार्ड पिअर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून टॅक्सीने थोड्या मिनिटांवर आहे.

लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकतं आणि प्रवासी छोट्या बोटींतून अगत्तीसारख्या बेटावर जातात. बोट वर-खाली होत असते. खलाशी मुलाला दोन्ही दंडांना धरून, बोट वर आल्याच्या क्षणी अलगद पलीकडे घेतो. अशा वेळी मूल कडेवर घेऊन स्वतः उडी टाकू नये, खलाशाच्या हाती द्यावं. लाटा मोठ्या असतील तर कप्तान उतरणं रद्द करतो, आणि मुलांसह असलेल्या प्रत्येकाने त्या निर्णयाचं स्वागतच करावं.

गैरसमज १० : किनाऱ्यावर पडलेलं पोवळं घेतलं तर काय बिघडतं?

पोवळं दगडासारखं दिसतं, पण ते असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी बांधलेलं असतं. खडक बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मेलेला तुकडाही सोबत आणणं गुन्हा ठरतो. लक्षद्वीपची बेटं या पोवळ्यांवरच उभी आहेत. मुलांना हे तिथेच, उथळ पाण्यात उभं राहून सांगावं. हात न लावता पाहायला शिकणं हा या सफरीतला सर्वांत मोलाचा धडा आहे.

पहिल्यांदाच निघणाऱ्यांनी दोन-तीन रात्रींची छोटी मुंबई-गोवा सफर निवडावी. मुलांना बोट लागते का, दोन मुलांवर लक्ष ठेवायला आपण दोघं पुरतो का, आजी-आजोबांना डेकचे जिने झेपतात का, हे सगळं त्यात कळतं. ते जमलं, की लक्षद्वीपचा बेत बिनधास्त आखावा.